मूट कोर्ट: प्रपोझिशन हातात पडल्यापासून रिबटलपर्यंत

मूट कोर्ट म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी काल्पनिक खटला लढवण्याचा सराव किंवा स्पर्धा. पाठ केलेला युक्तिवाद तिथे साधारण तीन मिनिटं टिकतो. मग बेंचवरून, म्हणजे न्यायाधीशांकडून, पहिला प्रश्न येतो आणि तिथून पुढचा वेळ न्यायाधीशांच्या मर्जीने चालतो. ज्यांनी दोन महिने भाषण घोटण्यात घालवले ते इथे अडखळतात. ज्यांनी तेच दोन महिने ‘यावर आपल्याला काय विचारतील?’ हे शोधण्यात घालवले त्यांना इथून पुढे रंग चढतो. खालची सगळी तयारी याच हिशेबाने मांडली आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधिशिक्षण नियमांत मूट कोर्ट हा अनिवार्य प्रात्यक्षिक विषयाचा भाग आहे. वर्षाला तीन मूट, प्रत्येकाला १० गुण, त्यातले ५ लेखी मांडणीला आणि ५ तोंडी युक्तिवादाला, अशी त्याची रचना. पुष्कळ ठिकाणी हे तीन मूट म्हणजे सीनियरची फाइल उतरवून त्यावर सही घेणं एवढंच असतं. उतरवू नका. बाहेरच्या स्पर्धेत जाण्याआधी फुकटात चुका करण्याची ही एकच जागा आहे.

हातात आठ आठवडे असतील तर पहिला आठवडा नियमावली आणि प्रपोझिशनच्या (काल्पनिक खटल्याच्या लेखी वस्तुस्थितीच्या) वाचनाला, पुढचे दोन संशोधनाला, दोन मेमोरियल म्हणजे लेखी युक्तिवाद लिहायला, अर्धा तपासणीला आणि उरलेले अडीच तोंडी सरावाला द्या. बहुतेक संघ संशोधनातच पाच आठवडे घालवतात आणि सरावाला चार दिवस उरतात.

संघ आणि नियमावली

भारतातल्या बहुतेक स्पर्धांत संघ तिघांचा असतो: दोन स्पीकर, एक रिसर्चर. ‘ज्याला बोलता येत नाही तो रिसर्चर’ हा हिशेब चुकीचा आहे. अनेक स्पर्धांत रिसर्चरची वेगळी लेखी परीक्षा असते. शिवाय नियमांत परवानगी असेल तर ऐन फेरीत चिठ्ठी सरकवून स्पीकरला सावरणारा तोच. निकालपत्रांत झटपट शोधता येणारा, डोकं शांत ठेवणारा माणूस तिथे हवा.

प्रपोझिशन उघडण्याआधी नियमावलीची प्रिंट काढा आणि या गोष्टींखाली रेघ ओढा: मेमोरियल पाठवण्याची तारीख आणि वेळ, फाइलचा प्रकार आणि तिला द्यायचं नाव, पानांची किंवा शब्दांची मर्यादा, फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर, साइटेशनची (निकालांचा संदर्भ देण्याची) पद्धत, उशिराबद्दल कापले जाणारे गुण, स्पष्टीकरण मागण्याची शेवटची तारीख. संघाला एक कोड मिळतो. त्यापलीकडे कॉलेजचं नाव कुठेही दिसता कामा नये. मुखपृष्ठावर कोणी नाव लिहीत नाही, पण वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून विद्यार्थ्याचं नाव तसंच राहतं. पाठवण्याआधी ते पुसा. ओळख उघड झाल्यावर काही स्पर्धा गुण कापतात, काही थेट बाद करतात.

प्रपोझिशन कसं वाचायचं

उदाहरणासाठी एक प्रपोझिशन घेऊ. एका राज्यात भरती परीक्षेतली पेपरफुटी रोखण्यासाठी सरकारने तीन जिल्ह्यांत चार दिवस मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं. परीक्षा एकाच दिवशी, सकाळी १० ते १. आदेश कुठे प्रसिद्ध केला नाही, फक्त मोबाइल कंपन्यांना पाठवला. आदल्या वर्षी याच परीक्षेचा पेपर मेसेजिंग ॲपवरून फुटला होता. घरपोच सामान पोचवणाऱ्या कामगारांची संघटना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट दाद मागण्याची तरतूद) सर्वोच्च न्यायालयात आली आहे.

पहिलं वाचन पेन न घेता करा. दुसऱ्या वाचनात चार रकान्यांचा तक्ता बनवा: परिच्छेद क्रमांक, तारीख, वस्तुस्थिती, ती कोणाच्या कामाची. तीन तासांच्या परीक्षेसाठी ९६ तासांची बंदी ही याचिकाकर्त्याच्या कामाची गोष्ट. आदल्या वर्षीची पेपरफुटी सरकारच्या कामाची. प्रपोझिशन लिहिणारा दोन्ही बाजूंना साधारण सारखी शस्त्रं देतो. सगळं एकाच बाजूचं दिसत असेल तर वाचन कमी पडलंय असं समजा.

तिसरं वाचन काय लिहिलेलं नाही ते शोधण्यासाठी. ब्रॉडबँड चालू होतं का? आदेशावर सही कोणाची? बंदी उठून गेली असेल तर याचिकेत आता उरलंय काय? यातले काही प्रश्न स्पष्टीकरणासाठी पाठवता येतात, पण पाठवण्याआधी थांबा. स्पष्टीकरण सगळ्या संघांना जातं. एखादं मौन तुमच्या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाला जागा देत असेल तर विचारून ती जागा बुजवू नका.

एक पथ्य शेवटपर्यंत पाळायचं: वस्तुस्थितीत भर घालायची नाही. ‘त्या कामगारांची चार दिवसांची मजुरी बुडाली’ हे प्रपोझिशनमध्ये नसेल तर ते सांगता येणार नाही. ‘परिच्छेद ५ नुसार त्यांची सगळी कामं ॲपवरून येतात, तेव्हा बंदीच्या काळात काम मिळणं शक्य नव्हतं’ असं अनुमान काढता येतं.

संशोधन: आधी कायदा, मग निकाल

सुरुवात सर्च बॉक्सपासून करू नका. आधी मूळ कायदा उघडा: अनुच्छेद १९ आणि त्याची उपकलमं, अनुच्छेद ३२, दूरसंचार सेवा खंडित करण्याबाबतचे नियम. शब्दन्‌शब्द वाचा. अनुच्छेद १९(२) मधली कारणं आणि व्यवसायावरच्या बंधनांसाठीच्या १९(६) मधलं ‘सार्वजनिक हित’ यांत फरक आहे. अभिव्यक्तीवर बंधन घालताना सरकारला १९(२) मध्ये मोजून दिलेल्या कारणांतलंच एक दाखवावं लागतं. नुसतं ‘सार्वजनिक हित’ तिथे चालत नाही. एवढ्या एका फरकावर अर्धी फेरी जाऊ शकते.

त्यानंतर एखादं चांगलं भाष्यग्रंथाचं प्रकरण, आणि मग निकाल. कॉलेजच्या खात्यावरून एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा (निकालांचे सशुल्क डेटाबेस) मिळत असेल तर उत्तम. नसेल तर इंडियन कानून आणि सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर ही दोन्ही मोफत आहेत.

निकाल वाचायचा म्हणजे काय, हे आपल्या प्रपोझिशनवरच बघा. अनुराधा भसीन वि. भारत सरकार, (२०२०) ३ एससीसी ६३७, हा इथला मुख्य निकाल. ‘या निकालाने इंटरनेट हा मूलभूत हक्क ठरवला’ असं वाक्य मेमोरियलमध्ये हमखास सापडतं आणि ते चूक आहे. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यापार यांना १९(१)(क) आणि १९(१)(छ) चं संरक्षण आहे, एवढं न्यायालयाने म्हटलं. इंटरनेट मिळणं हाच हक्क आहे का, यावर मत दिलं नाही, कारण तो मुद्दा कोणी मांडलाच नव्हता. अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील, हे मात्र स्पष्ट सांगितलं. याचिकाकर्त्याला खरं बळ इथे मिळतं, कारण आपल्या प्रपोझिशनमध्ये आदेश प्रसिद्धच झालेला नाही.

इंटरनेट वापरण्याचा हक्क केरळ उच्च न्यायालयाने २०१९मध्ये फहीमा शिरीन प्रकरणात मान्य केला, पण तो एकल न्यायाधीशांचा निकाल. मूट सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा इतर न्यायालयांना बांधतो. उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे फक्त मन वळवण्यापुरता वापरता येतो. दाखला देताना हे स्वतःहून सांगा. न्यायाधीशांनी विचारल्यावर कबूल करणं आणि आधीच सांगणं यात गुणांचा फरक पडतो.

प्रत्येक निकालामागे एक पान करा. त्यावर नाव आणि साइटेशन, किती न्यायाधीशांचं पीठ, दोन ओळींत वस्तुस्थिती, निर्णयाचं सूत्र आणि त्याचा परिच्छेद क्रमांक, समोरची बाजू हा निकाल कसा वापरेल, आणि तो आपल्या प्रकरणाला लागू नाही हे आपण कसं दाखवू, एवढं हवं. असे १२ ते १५ निकाल मुळापासून वाचलेले असले की ६० निकालांच्या यादीची गरज उरत नाही. यादीतल्या कुठल्याही निकालाची वस्तुस्थिती विचारली जाऊ शकते, आणि ‘ती आत्ता आठवत नाही’ हे उत्तर दिल्यावर बाकीच्या ५९ निकालांवरचाही विश्वास उडतो.

निकाल वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. हेडनोट हा संपादकाने काढलेला सारांश असतो, तो न्यायालयाचा शब्द म्हणून उद्धृत केला जातो. निकालाच्या पहिल्या भागात दोन्ही वकिलांचं म्हणणं नोंदवलेलं असतं, तेच न्यायालयाचं मत समजून उचललं जातं. अल्पमताचा उतारा बहुमताचा म्हणून येतो. आणि निकाल आज टिकून आहे का, हे कोणी बघत नाही. एडीएम जबलपूर (१९७६) हा आणीबाणीतला निकाल, खासगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या पुट्टस्वामी (२०१७) मध्ये मोडीत निघाला. पुट्टस्वामीला नऊ न्यायाधीश का बसले, हेही समजून घ्या: एम. पी. शर्मा हा आठ आणि खरक सिंग हा सहा न्यायाधीशांचा निकाल आड येत होता, आणि मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला मोडता येत नाही. पीठाची संख्या लक्षात ठेवायची ती यासाठी.

फौजदारी प्रपोझिशन असेल तर आधी तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. गुन्हा त्याआधीचा असेल तर गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा जुन्या दंड संहितेची. कलमांच्या क्रमांकांचा गोंधळ तर जीवघेणा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले कलम ५२८ मध्ये. घाईत ‘फोर एटी टू’ म्हटलं की कुठलं, हा प्रश्न आलाच.

एआय टूलकडून निकाल मागवायची सवय असेल तर त्याने दिलेलं प्रत्येक साइटेशन मूळ ठिकाणी उघडून बघा. ही टूल्स अस्तित्वातच नसलेले खटले बिनदिक्कत बनवतात. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात असेच बनावट निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. मूटमध्ये दंड होणार नाही, पण समोरच्या संघाने ते साइटेशन शोधून बेंचला सांगितलं की फेरी तिथेच संपते.

मेमोरियल

भाग सगळीकडे साधारण सारखे: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संक्षेपांची यादी, आधारांची यादी, अधिकारक्षेत्राचं निवेदन, वस्तुस्थिती, मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, सविस्तर युक्तिवाद, शेवटी प्रार्थना. भारतातल्या बऱ्याच स्पर्धांत याचिकाकर्त्याचं मुखपृष्ठ निळं आणि प्रतिवादीचं लाल असतं. टाइम्स न्यू रोमन १२, ओळींत दीड अंतर आणि तळटीपा १० मध्ये, हा नेहमीचा साचा. पण शेवटचा शब्द नियमावलीचा.

लिहिण्याचा क्रम याच्या उलटा ठेवा. आधी सविस्तर युक्तिवाद, मग प्रार्थना, मग वस्तुस्थिती, आणि सारांश सर्वांत शेवटी. वस्तुस्थिती युक्तिवादानंतर लिहिली की कुठले तपशील लागतात ते कळलेलं असतं.

युक्तिवादाचं प्रत्येक शीर्षक पूर्ण वाक्य असावं. ‘अनुच्छेद १९ चा भंग’ हा नुसता विषय झाला. ‘चार दिवसांची बंदी गरजेच्या कसोटीवर टिकत नाही’ हे म्हणणं झालं. न्यायाधीश अनुक्रमणिका चाळतात तेव्हा ही शीर्षकंच वाचतात.

आता एक परिच्छेद जवळून बघू. कच्च्या मसुद्यात साधारण असं असतं:

‘सदर आदेश मनमानी, अन्यायकारक व घटनाबाह्य असून नागरिकांच्या मूलभूत हक्कांची पायमल्ली करणारा आहे, असे नम्रपणे निवेदन करण्यात येते.’

यावर वाचणाऱ्याचा एकच प्रश्न असतो: कसा? उत्तर कुठेच नाही. तोच परिच्छेद असा लिहिता येतो:

‘मॉडर्न डेंटल कॉलेज, (२०१६) ७ एससीसी ३५३, नुसार हक्कावरचं बंधन चार कसोट्यांवर उतरावं लागतं: उद्देश वैध असावा, उपायाचा त्याच्याशी संबंध असावा, कमी जाचक पर्याय उपलब्ध नसावा, आणि साधलेला लाभ हक्काच्या हानीशी प्रमाणात असावा. पहिली कसोटी याचिकाकर्त्याला मान्य आहे. आदेश तिसऱ्या कसोटीवर पडतो. परीक्षा एका दिवशी तीन तास होती, बंदी ९६ तास होती. परीक्षा केंद्रांपुरती किंवा परीक्षेच्या वेळेपुरती बंदी पुरेशी का नव्हती, याचं कारण आदेशात नाही.’

दुसऱ्यात आदेशाला लावलेलं विशेषण एकही नाही. नियम आहे, त्याचा आधार आहे, वस्तुस्थिती आहे, आणि पहिली कसोटी मोकळेपणाने सोडून दिली आहे. अशी सोडलेली गोष्ट उरलेल्या म्हणण्याला वजन देते. ‘पेपरफुटी रोखणं हा वैध उद्देशच नाही’ असं भांडत बसलात तर बेंचची सहानुभूती पहिल्याच पानावर गेली.

प्रार्थनेत नेमकं काय हवं ते लिहा: आदेश रद्द करा, पुढचे आदेश प्रसिद्ध करण्याचे निर्देश द्या. ‘न्यायालयाला योग्य वाटेल तो आदेश’ ही ओळ शेवटी असतेच, पण तीच मुख्य मागणी नव्हे. बंदी आधीच उठली असेल तर ‘आता आम्ही रद्द काय करायचं?’ हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर प्रार्थनेच्या शब्दांतच पेरून ठेवा.

दोन्ही बाजूंची मेमोरियल एकाच संघाला करावी लागतात. प्रतिवादीचं मेमोरियल म्हणजे याचिकाकर्त्याच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘नाही’ लावणं नव्हे. सरकारची स्वतःची गोष्ट उभी करावी लागते: आधी पेपर फुटला होता, परीक्षार्थींचंही हित गुंतलं होतं, बंदी मुदतीची होती, फक्त मोबाइल डेटापुरती होती. प्रतिवादीची बाजू कच्ची राहिली की प्राथमिक फेऱ्यांत हमखास मार बसतो, कारण तिथे दोन्ही बाजूंनी उभं राहावं लागतं.

तपासणीला पूर्ण दोन दिवस ठेवा. एकाने फक्त तळटीपा, दुसऱ्याने फक्त पान क्रमांक आणि अनुक्रमणिका, तिसऱ्याने छापील प्रत मोठ्याने वाचत भाषा बघायची. पीडीएफ बनवल्यावर पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे खोटे पडतात, म्हणून शेवटची तपासणी पीडीएफवर. फाइल मुदतीच्या किमान १२ तास आधी पाठवा. शेवटच्या तासात ईमेल अडकल्याची सबब कोणी ऐकत नाही.

तोंडी युक्तिवाद

संघाला ३० मिनिटं असतील तर १२, १५ आणि रिबटलला (समोरच्याच्या म्हणण्याला शेवटी द्यायच्या उत्तराला) ३ अशी वाटणी चालते. प्रत्येक मुद्दा तीन मापांत तयार ठेवा: चार मिनिटांचा, दीड मिनिटाचा आणि एका वाक्याचा. बेंचने पहिल्या मुद्द्यावरच दहा मिनिटं अडकवलं तर दुसरा मुद्दा त्या एका वाक्यात मांडून प्रार्थनेकडे जाता आलं पाहिजे.

सुरुवातीच्या मिनिटात स्वतःची आणि बाजूची ओळख, कोण किती वेळ बोलणार ते, आणि मुद्द्यांचा क्रम. मग बेंचला वस्तुस्थिती माहीत आहे का, हे विचारायचं. माहीत नाही म्हणाले तर ६० सेकंदांची वस्तुस्थिती तयार हवी. इथे गडबडणारे पुष्कळ, कारण ‘हो, माहीत आहे’ हेच उत्तर त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

हातात भाषण लिहिलेले कागद नकोत. एक फाइल घ्या, प्रत्येक मुद्द्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर पाच-सहा शब्दांचे टप्पे आणि परिच्छेद क्रमांक, उजव्या पानावर त्या मुद्द्यावर येऊ शकणारे प्रश्न आणि उत्तराचा पहिला शब्द. तो पहिला शब्द महत्त्वाचा. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’पासून सुरू करायचं, मग ‘कारण’, मग आधार, आणि मग आपल्या मुद्द्यावर परत.

‘काउन्सेल, तुमची संघटना आधी उच्च न्यायालयात का गेली नाही?’

‘युवर ऑनर, त्या मुद्द्याकडे मी नंतर येणार आहे.’ हे सर्वांत वाईट उत्तर. न्यायाधीशांना ते आत्ता हवंय. त्याऐवजी:

‘युवर ऑनर, जायलाच हवं असं बंधन नाही. अनुच्छेद ३२ हा स्वतःच मूलभूत हक्क आहे. शिवाय इथे वस्तुस्थितीचा वाद नाही. आदेश आणि त्याची मुदत दोन्ही बाजूंना मान्य आहे, पुरावा तपासावा लागत नाही.’

‘म्हणजे प्रत्येकाने थेट इथेच यायचं?’

‘नाही, युवर ऑनर. हे न्यायालय याचिकाकर्त्याला अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जायला सांगू शकतं, हे मान्य आहे. आमची विनंती एवढीच, की या प्रकरणातला प्रश्न निव्वळ कायद्याचा असल्याने तो इथेच ऐकावा.’

दुसरं उत्तर जिंकतं, कारण त्यात एक गोष्ट सोडली आहे आणि ती सोडूनही याचिका उभी राहते. काय सोडता येईल आणि काय सोडलं की इमारत कोसळेल, याची यादी प्रत्येक मुद्द्यासाठी आधी बनवा. ऐन वेळी दबावाखाली माणूस नको ते कबूल करून बसतो.

काही प्रश्न मदतीचे असतात. ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं का, की बंदीपेक्षा आदेश लपवणं जास्त गंभीर आहे?’ असं न्यायाधीश विचारतात तेव्हा ते हात पुढे करत असतात. घाबरलेला स्पीकर त्यातही सापळा बघतो आणि ‘नाही, नाही’ म्हणत स्वतःचाच मुद्दा खोडतो. प्रश्न पूर्ण ऐका, एक श्वास घ्या, मग बोला. ‘उद्या दंगल उसळली असती तर?’ असा काल्पनिक प्रश्न आला तर ‘ही आपली वस्तुस्थिती नाही’ म्हणून झटकू नका. त्या परिस्थितीत तुमचं तत्त्व काय सांगेल ते सांगा, आणि मग आपलं प्रकरण त्याहून वेगळं का, ते.

न्यायाधीश बोलू लागले की अर्ध्या शब्दावर थांबायचं. उत्तर येत नसेल तर या मुद्द्यावर न्यायालयाला मदत करता येत नाही, असं सरळ सांगून पुढे जायचं. ‘मला वाटतं’ हे शब्द वकिलाच्या तोंडी शोभत नाहीत. वकील निवेदन करतो. आणि दर वाक्यागणिक ‘मच ऑब्लाइज्ड’ म्हणण्याची साथ आली आहे, तिच्यापासून दूर राहा.

संबोधनाबाबत बार कौन्सिलने २००६मध्ये नियम केला: सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या न्यायालयांत ‘सर’. प्रत्यक्षात ‘माय लॉर्ड’ अजून सर्वत्र ऐकू येतं. नियमावलीत असेल ते वापरा, नसेल तर एक निवडून शेवटपर्यंत तेच ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, म्हणून मूटही इंग्रजीत. यामुळे चांगली तर्कबुद्धी असलेली मुलं रिसर्चरच्या खुर्चीत ढकलली जातात. उच्चारांची काळजी सोडा, गुणपत्रिकेत कायद्याचं ज्ञान, वस्तुस्थितीची पकड आणि उत्तरं यांचा वाटा मोठा असतो. युक्तिवाद आधी मराठीत कोणाला तरी समजावून सांगा. समोरच्याला पटला की मगच इंग्रजीत आणा, तेही छोट्या वाक्यांत: एका वाक्यात एक क्रियापद. उत्तराला सुरुवात करणारी, असहमती दाखवणारी, परिच्छेदाकडे नेणारी अशी २५-३० ठरलेली वाक्यं जिभेवर बसवा. भीती वाटली की बोलण्याचा वेग वाढतो. रेकॉर्डिंग ऐकलं की तो लगेच कळतो. एखादा सराव मुद्दाम पूर्ण मराठीतही करा. पुढे तालुका आणि जिल्हा न्यायालयांत उभं राहायचंय, तिथे मराठी चालते, आणि ‘प्रोपोर्शनॅलिटी’ला ‘प्रमाणशीरपणा’ म्हणून समजावता आलं की ती कसोटी स्वतःलाही समजलेली असते.

सराव फेऱ्या

कमीत कमी आठ. पहिल्या दोन फेऱ्यांत बेंच फक्त स्वतःच्याच संघाचा असला तरी चालेल. पुढच्या दोनमध्ये त्या विषयातलं काहीही न वाचलेला माणूस बसवा. त्याचे भाबडे प्रश्न सर्वांत अवघड निघतात. एका फेरीत बेंचने एकही प्रश्न विचारायचा नाही. गप्प बेंचपुढे वेळ भरता न येणं हेही प्रश्नांना घाबरण्याइतकंच सामान्य आहे. एका फेरीत दर २० सेकंदांना अडवायचं. दर दोन फेऱ्यांनी बाजू बदला. प्रत्येक फेरी फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर फक्त प्रश्न-उत्तरं बघा, बाकी पुढे ढकला.

सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होतात. त्यांतला एक तास बघताना वक्तृत्व बघू नका. प्रश्न आल्यावर वकील किती शब्दांत उत्तर देतो आणि मूळ मुद्द्यावर कसा परततो, एवढंच टिपा.

रिबटल आणि फेरीचा दिवस

रिबटलमध्ये दोन मुद्दे, फार तर तीन. समोरच्याने आज इथे जे म्हटलं त्यालाच उत्तर. सुटलेला मुद्दा रिबटलमध्ये घुसवला की बेंच थांबवतं. रांग अशी: ‘प्रतिवादीने म्हटलं की…’, ‘ते टिकत नाही, कारण…’, ‘परिच्छेद ६ पाहावा’. समोरच्याने काही चुकीचं उद्धृत केलं असेल तर तेच पहिलं घ्या. त्यासाठी समोरचे बोलत असताना सहस्पीकर आणि रिसर्चर दोघांनीही लिहीत राहायला हवं. प्रतिवादीला सर-रिबटल मिळत असेल तर त्यात फक्त रिबटलला उत्तर देता येतं.

सोडतीनंतर समोरच्या संघाचं मेमोरियल हातात पडतं. पूर्ण वाचायला वेळ नसतो. आधी प्रार्थना, मग सारांश, मग आधारांची यादी बघा. आपल्याच निकालांपैकी कुठले त्यांनी वापरलेत ते यादीतून लगेच कळतं. निकालांचं कंपेंडियम (निकालांच्या प्रतींची फाइल) न्यायाधीशांना द्यायचं असेल तर त्याला फ्लॅग लावलेले असावेत आणि त्याची एक प्रत तुमच्याकडेही हवी. बेंचने परिच्छेद विचारला आणि पानं उलटण्यात अर्धं मिनिट गेलं, तर ते तुमच्याच वेळेतून जातं. इतर संघांच्या फेऱ्या बघायला जाऊ नका. बहुतेक नियमावल्या ते स्काउटिंग (प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी) मानतात आणि बाद करतात.

आंतरराष्ट्रीय मूटमध्ये काही गोष्टी मुळातच बदलतात. १९६० पासून चालत आलेली जेसप स्पर्धा आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढची असते. तिथे संबोधन ‘युवर एक्सलन्सी’, आणि आधार त्या न्यायालयाच्या संविधीच्या अनुच्छेद ३८(१) नुसार: करार, रूढी, सामान्य तत्त्वं. अनुच्छेद ५९ नुसार निकाल फक्त त्या खटल्यातल्या पक्षांना बांधतो, म्हणून ‘हा निकाल आपल्यावर बंधनकारक आहे’ हे भारतीय सवयीचं वाक्य तिथे तोंडघशी पाडतं.

फेरी संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, चहापाण्याच्या आधी, बेंचने विचारलेले सगळे प्रश्न एका वहीत उतरवा: प्रश्न जशाच्या तशा शब्दांत, आपण काय उत्तर दिलं, काय द्यायला हवं होतं. पुढच्या फेरीला अर्धेअधिक प्रश्न तेच येतात.